गावातल्या विहिरींचा नकाशा करायचाय? निघायच्या आधी एवढं करा

सगळ्यात आधी लॅपटॉप उघडू नका, कागदावर प्रश्न लिहा. "मे महिन्यात गावाच्या कुठल्या भागातल्या विहिरी आधी आटतात" असा नेमका प्रश्न हवा, तो ठरला की काय मोजायचं ते आपोआप ठरतं, नाहीतर नुसते ठिपके जमतात आणि जीआयएस (संगणकावरचा माहिती जोडलेला नकाशा) म्हणजे ठिपके नव्हे, प्रत्येक ठिपक्यामागे माहितीचा तक्ता असतो, खरी ताकद त्यातच आहे. मग नेट चांगलं असेल तिथं बसून लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट आहे, आणि फोनवर त्याच्या जोडीचं नोंदी घ्यायचं ॲप क्यूफील्ड, ते शिवारात रेंज नसतानाही चालतं.

लेयर, म्हणजे एकेका प्रकारच्या गोष्टींचा नकाशातला थर, घरीच बनवून न्या. विहीर पॉइंट (ठिपका), ओढा लाइन (रेघ), पाझर तलाव पॉलिगॉन (बंद आकार). चढउतारासाठी एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, रास्टर (चौकोनांच्या जाळीचा नकाशा) घेतलात तर त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो हे ध्यानात ठेवा, त्यात शेताचा बांध शोधत बसू नका.

आता प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, इथं घाई अजिबात करू नका. फोनचा जीपीएस अक्षांश-रेखांश डिग्रीत देतो आणि डिग्रीत अंतर किंवा क्षेत्रफळ मोजून काही हाती लागत नाही, म्हणून प्रोजेक्ट यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये ठेवा, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडं झोन (पट्टा) ४३ उत्तर म्हणजे ईपीएसजी ३२६४३ (सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा प्रोजेक्शनचा क्रमांक), आणि ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडं झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. एक्सेलमधून पॉइंट आणणार असाल तर एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश, उलटं झालं तर पुण्याची विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते.

सेव्ह जिओपॅकेजमध्येच (सगळं एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) करा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शेपफाइल या जुन्या प्रकारात तीन-चार फाइली सोबत फिरवाव्या लागतात, त्यातली पीआरजे हरवली की प्रोजेक्शन गेलं, शिवाय कॉलमच्या नावाला जेमतेम १० इंग्रजी अक्षरांची जागा, मराठी नाव तर तिसऱ्या-चौथ्या अक्षराला तुटतं.

पिशवीत पॉवर बँक, वही, आणि टोकाला वजन बांधलेला लांब टेप. सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी पोचा, उपसा चालू झाला की पाण्याची पातळी खरी मिळत नाही. झाडाखाली जीपीएस भरकटतो, तिथं थोडं थांबून मगच पॉइंट घ्या. विहिरीला गावात जे नाव आहे तेच लिहा, आणि तारीख प्रत्येक नोंदीला वेगळी, कारण याच विहिरी पावसाळ्यानंतर परत मोजायच्यात. आणि कठड्याची उंची! आम्ही पहिल्या फेरीत ती लिहिलीच नाही. टेप कठड्यावरून सोडतो आपण, पातळी धरायची जमिनीपासून, त्यामुळं ती वजा केल्याशिवाय दोन विहिरींची तुलनाच होईना आणि सगळ्या विहिरींवर पुन्हा जावं लागलं. तेव्हा फॉर्ममध्ये तो कॉलम आजच टाका.