ओआरएस पेल्यात कालवू नका, आणि आणखी काही चुका

गोव्यातल्या डिचोलीत फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून मला अठरा वर्षं झाली. पाऊस लागला की पोरांचे जुलाब सुरू होतात, आणि आईबापांच्या चुकाही त्याच त्या.

पहिली चूक ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, आणि तिच्यात माझाही हात आहे. गणेश चवथीची गर्दी होती. एक आजी आली, दीड वर्षाच्या नातवाला जुलाब. मी मोठी पुडी दिली आणि ‘पाण्यात घालून पाजा’ एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप दारात. ‘बाय, तुमचं औषध घेतल्यापासून पोर नुसतं पाणी पाणी करतंय, रडणं थांबत नाही.’ पुडी कशात कालवली, विचारलं. त्याने हाताने उंची दाखवली, चहाच्या पेल्याहून थोडी जास्त.

ती पुडी एक लिटर पाण्याची. दोनशे मिलीच्या पेल्यात घातली की पाचपट खारट होते. असं पाणी पोटात गेलं की अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, रक्तातलं मीठ चढतं, फिटसुद्धा येऊ शकते. मी त्याला तसाच इस्पितळात पिटाळला. पोर तीन दिवस राहून बरं होऊन आलं. त्या दिवसापासून काउंटरवर लिटरची रिकामी बाटली ठेवते आणि ती दाखवल्याशिवाय पुडी सोडत नाही. मागची माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत.

पाणी उकळून निववलेलं घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं २४ तासांनी ओतून टाका. अंगावरचं दूध आणि पेज बंद करू नका. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, तरी लोक अजून तेच मागतात. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. बहुतेक जुलाब विषाणूंचे, तिथे तिचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यातल्या तापाला स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर माझ्याकडे येऊच नका, थेट डॉक्टरकडे जा. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, पोर मलूल पडलेलं, यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा.

आता पॅरासिटामॉल. ड्रॉप्स आणि सिरप एकच समजणारे मला दर आठवड्याला भेटतात. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध. साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५, जादा ताकदीच्या सिरपमध्ये २५०. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ड्रॉप्स दीडच मिली. सिरपच्या सवयीने पाच मिली ओतलं की झाले पाचशे. शिवाय घरातला चमचा माप नव्हे, बाटलीबरोबरचं टोपण किंवा सिरिंज वापरा. दोन डोसांत निदान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नको.

म्हणून मी आधी वजन विचारते. ‘अहो, पोर तापलंय, वजन कसलं विचारता?’ असं म्हणणाऱ्यांसाठी वजनकाटा काउंटरखालीच आहे.