पेट्रोल-डिझेलच्या जागी इलेक्ट्रिक की हायब्रिड : गाडी बदलण्याआधी करायचा हिशेब

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांची जागा घेतील का, हा प्रश्न रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांबद्दल मिळून विचारला, तर वाद रंगतो आणि उत्तर मिळत नाही. तोच प्रश्न आपल्या दारातल्या एका गाडीबद्दल विचारला, तर एक वही आणि महिनाभराचा धीर एवढ्या भांडवलावर त्याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर काढता येते. माझ्या मते हे उत्तर बॅटरी किती मोठी आहे यापेक्षा गाडी रात्री कुठे उभी राहते यावर अधिक ठरते.

सुरुवात वहीपासून करावी. महिनाभर रोज रात्री ओडोमीटरवरचा आकडा लिहावा आणि त्याच्या शेजारी गाडी सलग किती तास, कुठे उभी होती, हेही नोंदवावे. अशी वही ठेवण्यापूर्वी माझे रोजचे साठ-सत्तर किलोमीटर सहज होत असतील, असे मी छातीठोकपणे सांगत असे. वहीत बहुतेक दिवशी ३४ किलोमीटर निघाले आणि एका दिवशी ३१०. अशा नोंदींची सरासरी काढण्याचा मोह टाळावा, कारण ती ना रोजच्या दिवसाला लागू पडते, ना त्या एका लांबच्या दिवसाला. दोन्ही दिवसांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

रोजच्या दिवसाचा हिशेब सोपा आहे. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते २० युनिट वीज घेते. १६ युनिट धरले तर ३४ किलोमीटरला साडेपाच युनिट लागतात, आणि चार्जिंग करताना उष्णतेत जाणारा दहा-बारा टक्क्यांचा भाग मिळवला तर मीटरवर सहा युनिटांहून थोडे अधिक पडतात. घरातल्या जाड पिनांच्या सॉकेटमधून ३ किलोवॉट मिळत असतील, तर हे काम दोन तासांत उरकते. रात्रीचे आठ तास मिळाले, तर त्याच सॉकेटमधून सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतराची वीज बॅटरीत भरली जाते. म्हणजे ज्याच्या गाडीला रात्री सॉकेट मिळते, त्याचे रोजचे पेट्रोल आजच सुटू शकते. त्यासाठी फार मोठ्या बॅटरीचीही गरज नाही.

अडचण सॉकेटचीच असते. नुसते सॉकेट भिंतीवर असून भागत नाही. त्यामागची वायर पुरेशी जाड आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचले आहे का आणि त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा खटका) आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. गाडी पहिल्यांदा चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या प्लॅस्टिकच्या भागावर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागणे चालते, पण हात ठेवणे नकोसे व्हावे इतका तापला असेल, तर आत एखादा स्क्रू सैल आहे किंवा सॉकेट इतका वेळ पूर्ण भार वाहण्याच्या लायकीचे नाही, असे समजावे आणि चार्जिंग तिथेच थांबवावे. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नये. २३० व्होल्टची लाइन असेल आणि ३२ अँपिअरचा स्वतंत्र चार्जर बसवता येत असेल, तर सुमारे ७.४ किलोवॉट मिळतात. मात्र घराचा मंजूर भार तेवढा आहे का, हे आधी पाहावे लागते. रात्रीची जागा नसली तरी कामाच्या ठिकाणी गाडी सात-आठ तास उभी राहून चार्ज होत असेल, तर तेही जवळजवळ तितकेच चांगले. यांपैकी काहीच नसेल आणि प्रत्येक युनिट सार्वजनिक चार्जरवरून घ्यावे लागणार असेल, तर इलेक्ट्रिक गाडी तूर्त घेऊ नये, असेच मी सांगेन.

आता लांबचा दिवस. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा असते, म्हणजे ४५ लिटरच्या टाकीत ४०० युनिट. बॅटरीत मात्र ४० ते ८०. ही तफावत दिसते तितकी मोठी नाही, कारण इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवते आणि चाकांपर्यंत चौथा हिस्सा पोहोचला तरी पुष्कळ, तर बॅटरी आणि मोटर ८० टक्क्यांहून अधिक पोहोचवतात. तरीही भरलेली टाकी चाकांना १०० युनिट देते आणि ६० युनिटांची बॅटरी पन्नासच. शिवाय टाकी पाच मिनिटांत भरते. ही गोष्ट इलेक्ट्रिक गाड्यांच्या समर्थकांनी उगाच झाकू नये.

गाडीच्या माहितीपत्रकात ४५० किलोमीटर रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणारे अंतर, छापली असेल, तर महामार्गाच्या वेगाला तिचे ७० टक्के, म्हणजे ३१५ धरावेत. त्यातही बॅटरी १० टक्क्यांच्या खाली नेऊ नये, म्हणून पहिला टप्पा २८० किलोमीटरचा होतो. पुढचे टप्पे त्याहून लहान असतात, कारण वाटेत बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरणे शहाणपणाचे ठरते. जलद चार्जरच्या पडद्याकडे लक्ष ठेवले, तर कारण डोळ्यांसमोर दिसते: २० टक्क्यांवर ९५ किलोवॉट दाखवणारा आकडा ६० टक्क्यांना येईपर्यंत ६५ वर उतरतो आणि ८५ टक्क्यांना ३० च्या आसपास रेंगाळतो. भरत आलेल्या सेलमध्ये जोराने वीज ढकलली, तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर साचू लागते, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. त्यामुळे १० ते ८० टक्के या पट्ट्यात पुढचा प्रत्येक टप्पा २२० किलोमीटरचा धरावा. माझा ३१० किलोमीटरचा दिवस अशा गाडीत एका थांब्यात बसतो.

थांबा निवडताना तिथे किती गन (गाडीत खुपसायची चार्जरची तोंडे) आहेत आणि त्या आपल्या गाडीला बसतात का, हे पाहावे. एकच गन असलेल्या ठिकाणावर सगळा प्रवास टांगून ठेवू नये. ती बंद निघाली तर पोहोचता येईल असे दुसरे ठिकाण उरलेल्या चार्जच्या आवाक्यात असावे.

वेगाचा परिणामही मोजून घ्यावा. ताशी ९० ऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास हवेचा अवरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, पण तिथे इंजिन मुळातच इतकी ऊर्जा वाया घालवते, की फरक चटकन जाणवत नाही. कडाक्याच्या थंडीत रेंजचा पाचवा ते तिसरा हिस्सा जाऊ शकतो. मागे ट्रेलर जोडला, तर ती निम्म्यावर येऊ शकते.

हायब्रिडच्या बाबतीत शब्दांनी फसू नये. १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसपासून परिचित झालेली, प्लग नसलेली हायब्रिड आपली सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच घेते. तिची बॅटरी एक-दीड युनिटांची असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि गर्दीत इंजिन बंद ठेवू देते. त्यामुळे शहरात मायलेज चांगले वाढते, मोकळ्या महामार्गावर तितके नाही. ही गाडी पेट्रोलची जागा घेत नाही, ती पेट्रोल कमी पिते. रात्रीचे सॉकेट नसलेल्या माणसासाठी ती प्रामाणिक निवड आहे. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडचा, म्हणजे छोट्या मोटरने इंजिनाला नुसता हातभार लावणाऱ्या गाडीचा, फायदा त्याहून बराच कमी.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे सॉकेटवरही चार्ज होणारी हायब्रिड, कागदावर सर्वांत देखणी. दहा-वीस युनिटांच्या बॅटरीवर रोजचे ३४ किलोमीटर आणि लांबच्या प्रवासाला इंजिन! पण ती रोज प्लगला लावली तरच. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा गाड्यांचे प्रत्यक्षातील कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट आढळले, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे त्या अपेक्षेइतक्या चार्ज केल्या जात नाहीत. ज्याला केबल काढायचा रोज कंटाळा येणार आहे, त्याने हा प्रकार घेऊ नये.

प्रदूषणाचा हिशेबही स्वतः करता येतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी हे दर किलोमीटरला १५० ग्रॅमच्या वर जाते. इलेक्ट्रिक गाडीला दर किलोमीटरला चार्जिंगमधल्या नुकसानीसह ०.१८ युनिट लागतात. सगळी वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे जवळपास एक किलो धरून आकडा १८० ग्रॅमपर्यंत पोहोचतो, म्हणजे फायदा नाही; युनिटमागे ४०० ग्रॅम असतील, तर तो ७२ वर येतो. बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन इलेक्ट्रिकच्या खात्यात आणि तेल काढून शुद्ध करण्याचे पेट्रोलच्या खात्यात आणखी मांडावे लागते.

बॅटरीवर अनेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता अशी हमी देतात. म्हणून बॅटरी ७० टक्क्यांवर आल्यावरही आपला रोजचा दिवस तिच्यात बसतो का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. जुनी गाडी घेताना किलोमीटरपेक्षा बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल आधी मागावा. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवतात, पण अधिक वेळा चार्ज होऊनही टिकतात. वर्षानुवर्षे गाडी ठेवणाऱ्याने त्यांना पसंती द्यावी.

घरात दोन गाड्या असतील, तर रोजची गाडी आधी बदलावी आणि लांबची तशीच राहू द्यावी. रोज जड माल ओढणाऱ्याने किंवा विजेचा भरवसा नसलेल्या भागात फिरणाऱ्याने डिझेल सोडण्याची घाई करू नये. बाकीच्यांनी वहीतला सर्वांत लांबचा दिवस निवडावा, इलेक्ट्रिक गाडी एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी आणि तोच प्रवास तेवढ्याच माणसांसह, तेवढ्याच वेगाने करावा. प्रत्येक थांब्यावर उरलेले टक्के आणि चार्जिंगला लागलेली मिनिटे त्याच वहीत, त्याच तारखेच्या नोंदीशेजारी लिहावीत.