एमएस्सी मॅथ्स झालं, आता काम कुठं शोधायचं?

दोन वर्षं टोपॉलॉजी, रिअल अॅनालिसिस, अल्जेब्रा करून बाहेर पडलं की गावाकडं पहिला प्रश्न ठरलेला, "मग आता बीएड का?" बीएड वाईट नाही, पण तेवढा एकच रस्ता आहे असं धरून बसू नका. नुसत्या मॅथ्सच्या डिग्रीवर काम मिळायला लई वेळ लागतो, सोबत काहीतरी लागतंच, नेट-सेट (कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षा), बीएड नाहीतर एक्सेल-एसक्यूएल (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आणि त्यातलं काय करायचं ते तिसऱ्या सेमलाच ठरवा, निकालाची वाट बघत बसू नका.

आपल्याकडची पोरं ज्याकडं बघतच नाहीत ते आधी सांगतो. संभाजीनगरला वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत एमआयएस एक्झिक्युटिव्ह (म्हणजे रोजच्या आकड्यांचे रिपोर्ट बनवणारा), क्वालिटी, प्लॅनिंग असली कामं असतात, तिथं तुमची टोपॉलॉजी कुणी विचारत नाही, समोर एक्सेलची शीट ठेवतात. तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, प्रॉडक्शन, रिजेक्शन, आणि म्हणतात रिजेक्शनचा टक्का काढून दाखवा. इथंच बरेच जण रोजच्या टक्क्यांची सरासरी काढून मोकळे होतात. एका शिफ्टला १०० नगात १० रिजेक्ट म्हणजे १० टक्के, दुसऱ्या शिफ्टला ९०० नगात ९ म्हणजे १ टक्का, सरासरी काढली की साडेपाच येते, पण खरा टक्का १९ भागिले १००० म्हणजे १.९ आहे. हे समोरच्याला नीट समजावून सांगता आलं ना, तर मॅथ्स शिकल्याचा फायदा तिथंच दिसतो. एक्सेलमधलं पिव्होट टेबल, व्हीलूकअप आणि थोडं एसक्यूएल दोन-तीन महिन्यांत येतं, महागडा डेटा सायन्सचा क्लास लावायची गरज नाही, स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट बघायला मिळतं. सुरुवातीचा पगार बघून नाराज व्हाल, पण एसक्यूएल, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) हाताशी आलं की पुण्याच्या कंपन्यांत अॅनालिस्ट म्हणून अर्ज करता येतो.

दुसरं म्हणजे क्लासेस. लातूर, नांदेडला जेईई-सीईटीच्या क्लासेसमध्ये मॅथ्सवाल्याला मागणी असते. डेमोला जाताना व्याख्या आणि थिअरम सांगत बसू नका, जेईईचा एक प्रश्न घ्या, आधी सरळ रीतीनं सोडवा मग ऑप्शनवरून लवकर कसा सुटतो ते दाखवा, आणि फळ्याकडं तोंड करून बोलू नका राव. पगार महिन्यावर की तासावर, उन्हाळ्यात बॅच नसेल तेव्हा काय, डाउट सोडवायचे तास धरणार का, हे सगळं आधीच बोलून घ्या. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडंच जमा करू नका, कितीबी गोड बोलले तरी झेरॉक्सच द्या.

सिनियर कॉलेजला शिकवायचं मनात असेल तर नेट किंवा सेट नाहीतर पीएचडी लागतेच. सेट सोपी समजू नका, पण तिला निगेटिव्ह मार्किंग नाही, ओपनला एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. सीएसआयआर नेटमध्ये (विज्ञान आणि मॅथ्सवाल्यांची नेट) पार्ट सी वेगळाच प्रकार आहे, ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, एकेकाला ४.७५ मार्क, निगेटिव्ह नाही पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतात आणि सगळे बरोबर पकडल्याशिवाय मार्क नाहीत. म्हणून प्रत्येक थिअरमची एक अट काढली तर ती थिअरम कुठं मोडते त्याची उदाहरणं वहीत लिहून ठेवा, पाठांतराचा तिथं काहीच उपयोग नाही. तासिका तत्त्वावर एक-दोन वर्षं शिकवा, अनुभव मिळतो, पण मानधन वेळेवर हातात पडेल या भरवशावर घर चालवू नका. "पुढच्या वर्षी पर्मनंट करू" म्हणणाऱ्या संस्थाचालकाकडं पाच-पाच वर्षं काढलेले लोक आजूबाजूला दिसतीलच.

शाळा नाहीतर ज्युनियर कॉलेज असेल तर बीएड, मग टेट (टीएआयटी, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, टीईटी नव्हे) आणि पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची शिक्षक भरतीची साइट. टेटला २०० प्रश्न, त्यात १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे, आपल्याला गणित जड जात नाही, वेळ पुरत नाही, म्हणून घड्याळ लावूनच सराव करा. लागलात तरी आधी शिक्षण सेवक, २०२३ च्या वाढीनंतर मानधन माध्यमिकला १८,०००, ज्युनियर कॉलेजला २०,००० झालं.

बँक, एलआयसी तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. पण एसएससी सीजीएलमधली (केंद्र सरकारची पदवीधरांची भरती परीक्षा, दहावीची एसएससी नव्हे) ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसरची पोस्ट बघा, कुठलीबी पदवी आणि बारावीला मॅथ्समध्ये ६० टक्के असले की चालतं, नाहीतर पदवीला स्टॅटिस्टिक्स विषय पाहिजे. तिला टियर-२ मध्ये, म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात, स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर असतो, आणि प्युअर मॅथ्सवाल्यांचं प्रॉबॅबिलिटी, सॅम्पलिंग कच्चंच असतं, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी तेवढं उरकून घ्या.