प्रॉक्सिमा बी वस्तीयोग्य आहे का, हे कसे पडताळावे

प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फेरी पूर्ण करणारा प्रॉक्सिमा बी हा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, आणि तेव्हापासून त्याला ‘वस्तीयोग्य’ म्हणण्याची घाई होत आली आहे. हे विशेषण स्वतः तपासून पाहता येते.

आधी ताऱ्याची आकाशातील जागा ओळखावी. मे महिन्याच्या मध्यास, रात्री पावणेबाराच्या सुमारास, गोव्यातील दोनापावलाहून दक्षिणेला पाहिल्यास मुरगावच्या दिव्यांच्या वर, लांब धरलेल्या हाताच्या दीड मुठीएवढ्या उंचीवर नरतुरंग तारकासमूहातील मित्र हा तेजस्वी तारा दिसतो. प्रॉक्सिमा त्याच्यापासून सुमारे दोन अंशांवर आहे. तो अंधुक लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान व थंड तारा असल्याने दुर्बिणीशिवाय दिसत नाही. जूनमध्ये ढग दाटण्यापूर्वीच हे निरीक्षण उरकावे.

मग उष्णतेचा हिशेब करावा. प्रॉक्सिमाची तेजस्विता सूर्याच्या सुमारे ०.००१६ पट आहे आणि ग्रहाचे ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.०४८५ पट. अंतराचा वर्ग ०.००२३५ येतो, त्याने तेजस्वितेला भागल्यास ०.६८ मिळते, म्हणजे पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोन तृतीयांश. मंगळाला ०.४३ मिळते. तेव्हा पुरेसे वातावरण असेल तर प्रॉक्सिमा बीवर पाणी द्रवरूपात राहू शकते. परंतु ‘वस्तीयोग्य पट्टा’ या शब्दांत एवढेच सामावलेले आहे, आणि बातम्यांत नेमका हाच ‘असेल तर’ गळतो, हे मला फार खटकते.

आकाराविषयीही सावध असावे. ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या सूक्ष्म डुलण्यावरून काढलेले वस्तुमान हे किमान वस्तुमान असते; येथे ते पृथ्वीपेक्षा किंचित जास्त आहे. कक्षा कशी कललेली आहे हे ठाऊक नसल्याने खरे वस्तुमान अधिक असू शकते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, म्हणून त्याचा व्यास मोजलेलाच नाही.

सर्वांत कठीण प्रश्न ताऱ्याच्या स्वभावाचा आहे. मार्च २०१६ मध्ये एका ज्वाळेच्या, म्हणजे ताऱ्यावरील अचानक उद्रेकाच्या वेळी प्रॉक्सिमाचे तेज साठपटींहून अधिक वाढले होते. असे आघात वारंवार झाल्यास ग्रहाचे वातावरण झिजू शकते. शिवाय इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू बहुधा सतत ताऱ्याकडे राहत असावी.

म्हणून नवी बातमी वाचताना प्रथम वातावरणाचा पुरावा शोधावा. तो मिळवण्यासाठी ग्रहाचा क्षीण प्रकाश ताऱ्याच्या झगमगाटातून वेगळा काढावा लागेल, आणि चिलीत उभारली जात असलेली ३९ मीटर आरशाची दुर्बीण अशाच कामासाठी आहे.