जठरात ‘पेसमेकर’ बसवून वजन कमी करण्याचा सल्ला मिळाल्यास काय तपासावे

जठराच्या वरच्या भागातील विशिष्ट पेशींमधून मिनिटाला साधारण ३ मंद विद्युत लहरी निघतात आणि त्यांच्या तालावर जठराचे आकुंचन होते. पोटाच्या त्वचेखाली बॅटरीचे यंत्र ठेवून आणि त्याच्या तारा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने जठराच्या स्नायूत रोवून भूक कमी करता येईल, या अपेक्षेने इटलीत व्हालेरिओ चिगाइना यांनी १९९० च्या दशकात हे उपचार माणसांवर सुरू केले.

असा सल्ला मिळाल्यास यंत्र जठराला उत्तेजित करते की व्हेगस मज्जातंतूचे (मेंदू व जठर यांना जोडणाऱ्या नसेचे) संदेश अडवते, हे प्रथम विचारून घ्यावे, कारण दोन्हींना सर्रास ‘पेसमेकर’ म्हटले जात असले तरी त्यांचे पुरावे निराळे आहेत.

त्यानंतर बंद यंत्राशी केलेली तुलना मागावी. सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. जठराला उत्तेजित करणाऱ्या यंत्राच्या अमेरिकेतील ‘शेप’ चाचणीत सर्व १९० रुग्णांना यंत्र बसवले होते, मात्र ते काहींचेच चालू होते. आहार सर्वांचाच कमी केलेला होता. वर्षअखेरीस जादा वजनातील घट दोन्ही गटांत १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखीच भरली. व्हेगस अडवणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या चाचणीत ही घट २४.४ टक्के, तर बनावट (संदेश न अडवणाऱ्या, केवळ तुलनेसाठी बसवलेल्या) यंत्राच्या गटात १५.९ टक्के होती.

हे टक्के एकूण वजनाचे नसून जादा वजनाचे असतात, म्हणून त्यांचे किलो करून पाहावेत. १६७ सेंटीमीटर उंचीच्या आणि १२० किलो वजनाच्या व्यक्तीचे योग्य वजन ७० किलो धरले, तर जादा वजन ५० किलो होते. त्याचे २४.४ टक्के म्हणजे सुमारे १२ किलो, आणि त्यांपैकी सुमारे ८ किलो बनावट यंत्रानेही उतरले असते. उरलेल्या ४ किलोंसाठी भूल, शस्त्रक्रिया आणि खर्च पत्करायचा का, हे रुग्णाने स्वतः ठरवावे. आहारनियंत्रण तर दोन्हीकडे लागणारच असते.

तरीही होकार द्यायचा असेल, तर बॅटरी किती वर्षे चालते, पुढे एमआरआय करता येईल का, तार सरकल्यास ती कोण दुरुस्त करील आणि यंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नांची उत्तरे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावीत.