रोजच्या पाहण्यातून कल्पनांची वही कशी भरावी

मोबाइलमध्ये हजारो चित्रं साठवलेली असतात आणि ऐन कामाच्या वेळी त्यातलं एकही उपयोगी पडत नाही. चित्र ठेवलं, पण ते का आवडलं हे कुठे लिहिलंच नाही. साठवायचं आहे ते हे 'का'.

वही घ्या. कोरी, बिनरेघांची, पिशवीत मावेल अशी. डाव्या पानावर रेखाटन, कात्रण किंवा फोटोची छोटी प्रिंट. उजवीकडे दोन ओळी: नजर कशावर थांबली आणि कशामुळे. 'सुंदर' आणि 'मस्त' हे शब्द या वहीत लिहायचे नाहीत. त्यांच्यावरून महिन्याभराने काहीच आठवत नाही.

आठवड्याला एकच विषय धरा. रंग, रेघ, उजेड किंवा अक्षरं. अक्षरांचा आठवडा असेल तर एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत पाट्या वाचत चला. हाताने रंगवलेल्या पाट्या झपाट्याने कमी होताहेत, त्या आधी टिपा.

रंगाचा आठवडा हिवाळ्यात आला तर नंदुरबारची मिरची पथारी, म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मोकळं मैदान, गाठा. मालकाला विचारून आत जा आणि खाली बसा. लांबून सगळं एकच लाल वाटतं. जवळून पाहिलं की ताजी मिरची तकतकीत दिसते, तिच्या पाठीवर उन्हाची पांढरी रेघ असते. अर्धवट वाळलेली मऊ पडून सुरकुतते, पुरती वाळलेली गडद होते आणि तिची देठं हिरव्याची पिवळट झालेली असतात. या छटा तिथेच रंगपेटीतून जुळवा. मोबाइल बऱ्याचदा असा लाल भडक करून टाकतो, म्हणून आधी डोळ्यांनी ठरवा आणि मग फोटो काढा.

जाणत्यांचं काम पाहा. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं राहतं घर आता कलादालन आहे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड साधून त्यांनी फोटोत अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. ती पाहून आल्यावर घरी करून बघाच: ताटात रव्याचा ढीग, एक वाळकी काडी, खोलीत अंधार आणि बाजूने टॉर्च. टॉर्च खाली आणत जा. सावली लांबते आणि एका क्षणी रव्याची टेकडी होते. उजेड समजून घ्यायला याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

अजिंठा जळगावहून साधारण ६० किलोमीटर, सोमवारी बंद. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीपुढे, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे, गर्दी करतात, ते साहजिकच आहे. दुसऱ्या लेण्यात मात्र मान वर करा. छतावरच्या वर्तुळाकार नक्षीत कमळं आहेत, हंसांची रांग आहे. फ्लॅशला मनाई आहे, म्हणून डोळे अंधाराला सरावू द्या आणि एकच पट्टा रेखाटा.

महिन्याला चाळणी लावा. उजवं पान रिकामं राहिलेलं चित्र काढून टाका.

मग वापरा. दोन वेगळ्या पानांवरची एकेक गोष्ट घ्या, म्हणजे मिरचीचे लाल आणि छतावरचा पट्टा, आणि त्यातून रांगोळी, गोधडी किंवा दुकानाची पाटी करा. दुसऱ्याच्या कलाकृतीचं चित्र डकवलं असेल तर त्याखाली कलावंताचं नाव तेव्हाच लिहा. बाजारात माणसांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि कोणी नको म्हटलं तर नुसतं रेखाटनही करू नका.