वायफाय फुल, तरी नेट नाही चालत? आधी पत्ता बघा, मग नाव

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, आपल्या इंदूरमध्ये कुठल्याही मराठी घरी जा, मुलं पुण्यात नाहीतर बंगलोरला, घरी आईबाबा, आणि फोनवर तक्रार एकच, "वायफाय तर फुल येतंय पण नेट नाही चालत." मग कोणाला तरी बोलावतात, तो लॅपटॉप फॉरमॅट करून पैसे घेऊन जातो, आणि बिघाड लॅपटॉपमध्ये नसतोच. मला याचा खरंच राग येतो, कारण फोनवर बोलता बोलता बराच उलगडा होऊ शकतो, फक्त क्रमाने बघायचं.

आधी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर तुमच्या मशीनला मिळालेला आयपी आकडा. विंडोज असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी विंडो येईल, त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर. आयपीव्हीफोर ॲड्रेसच्या ओळीत १९२.१६८ नाहीतर १० ने सुरू होणारा आकडा दिसला तर बहुतेक राउटरने पत्ता दिलाय (१७२.१६ ते १७२.३१ पण चालतं). हे आकडे घरातल्या घरात वापरायचे असतात, त्यामुळे तुमच्याकडे आणि शेजारच्या काकूंकडे दोन्हीकडे १९२.१६८.१.५ असला तरी काही बिघडत नाही. पण १६९.२५४ दिसला तर समजा की मशीनने पत्ता मागितला, कोणी दिलाच नाही, म्हणून तिने स्वतःच एक घेऊन टाकला, आणि त्यावर नेट चालणार नाही.

पत्ते वाटायचं काम डीएचसीपीचं, ही राउटरमध्येच असलेली सोय. मशीन जोडली की सगळ्यांना विचारते कोणी पत्ता देतंय का, राउटर एक देऊ करतो, मशीन तोच मागते, राउटर पक्का करतो. पत्ता मुदतीवर असतो आणि अर्धी मुदत झाली की मशीन आपणहून वाढवून मागते. म्हणून १६९ वाला दिसला तर राउटर बंद-चालू करा, मग आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश रिलीज, आणि तसंच स्लॅश रिन्यू.

आता एक गोष्ट जी दुमजली घरांमध्ये फार होते. वर सिग्नल येत नाही म्हणून जुना राउटर वर नेऊन वायर जोडून टाकतात, आता दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोघंही पत्ते वाटतायत, मग कधी चालतं कधी नाही, एकच पत्ता दोन मोबाइलना जातो, आणि सगळे कंपनीला शिव्या देतात. उपाय सोपा आहे, वायर जोडायच्या आधीच दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि मग वायर दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये (घरातली मशीनं जोडायची जागा) लावा, दुसऱ्या राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट यायची जागा) रिकामा ठेवा. मुख्य राउटर १.२ दुसऱ्या कोणाला देत नाही ना तेवढं बघून घ्या, बऱ्याच राउटरमध्ये १०० पासून पुढचे पत्ते वाटायला ठेवता येतात.

पत्ता बरोबर आहे तरी साइट खुलत नाही? मग त्याच काळ्या विंडोत पिंग, स्पेस, ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता, पिंग म्हणजे त्याला हाक मारून बघणं). उत्तर आलं म्हणजे नेट बाहेरपर्यंत जातंय. आता एखाद्या साइटचं नाव देऊन पिंग करा, होस्ट सापडत नाही म्हणाली तर घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा. आधी आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश फ्लशडीएनएस, म्हणजे मशीनने जपून ठेवलेली जुनी उत्तरं पुसली जातील. तरी नाही तर एनएसलुकअप, साइटचं नाव, आणि पुढे ८.८.८.८, असं विचारा. इथे पत्ता आला पण ८.८.८.८ न लिहिता येत नाही तर राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग असते, जाहिराती थांबवायला कोणीतरी तिथे काही भरून ठेवतं आणि विसरतं, ती ऑटोमॅटिक करा.

सगळं चालतंय आणि एकच साइट भलतीकडे नेतेय, तर होस्ट्स फाइल बघा, म्हणजे कॉम्प्युटरमधली नावं आणि त्यांचे पत्ते लिहिलेली यादी. पूर्वी अख्ख्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची, ते पुरेना म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं, पण प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तशी फाइल अजून आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी तीच वाचली जाते. कोणी त्यात चुकीची ओळ घातली असेल तर राउटर कितीही बदला, फरक पडणार नाही.

आणि ज्यांची स्वतःची फराळाची नाहीतर क्लासची साइट आहे त्यांनी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेला सर्व्हर, बदलताना एवढं करा. नावाचा पत्ता शोधताना डीएनएस सर्व्हर आधी रूट, म्हणजे सगळ्यात वरचा सर्व्हर, मग डॉट इन किंवा डॉट कॉमवाला, मग तुमच्या डोमेनचा सर्व्हर असं विचारत जातो, आणि मिळालेलं उत्तर टीटीएल, म्हणजे त्या उत्तराला ठरवून दिलेली मुदत, संपेपर्यंत जपून ठेवतो. टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर एक दिवस काही गिऱ्हाइकं जुन्याच सर्व्हरवर जाणार. म्हणून एक-दोन दिवस आधीच टीटीएल ३०० करून ठेवा, मग पत्ता बदला, आणि जुना सर्व्हर लगेच बंद करू नका.